गप्पांची वजाबाकी

पायरीकाका एका छोट्या छापखान्यात गणिते सोडवण्याच्या नोकरीला होते. अशी नोकरी असू शकते यावर त्यांच्या सासऱ्यांचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. जावई दिवसभर काय करतात असे कोणी विचारले की ते "यंत्राचं काहीतरी बघतात" असे सांगून विषय बदलत. वस्तुस्थिती अशी होती की त्या छापखान्यातून सहावीच्या मुलांसाठी गणिताचे एक सरावपुस्तक निघे. त्यात सहाशे चाळीस गणिते होती आणि शेवटच्या नऊ पानांवर त्यांची उत्तरे होती. ती उत्तरे काकांची.

उत्तर काढताना काका घाई करत नसत. गणित कितीही सोपे असो, ते आधी "दिलेले", मग "काढायचे आहे", मग "रीत", मग "पडताळा" आणि सगळ्यात शेवटी "उत्तर" असे पाच मथळे घालून खाली उतरत. मात्र मालकांच्या मते कागद महाग होता, त्यामुळे छापले जाई ते फक्त उत्तर. ज्या माणसाने कामात कधी एक पायरी गाळली नाही, त्याची फक्त शेवटची पायरी जगाने पाहिली. बाकीच्या पायऱ्या एकवीस जाड वह्यांमध्ये होत्या आणि वह्या काकूंच्या कपाटात, चादरींच्या खणात होत्या. चादरी पलंगाखाली होत्या. याबद्दल काकूंचे काही म्हणणे होते आणि ते त्या दर वेळी चादर बदलताना, पलंगाखालून, मांडत असत.

बोलण्यातही काकांची हीच चाल.

"चहा घेणार का?" काकू विचारत.

"आता पाच वाजलेत. मागचा चहा साडेतीनला झाला. म्हणजे मध्ये दीड तास गेला. आता दीड तासानंतर माणसाला साधारणपणे..."

"ठेवते," काकू म्हणत. खरे तर त्यांनी पहिल्या वाक्यालाच ठेवलेला असे.

ही सवय त्यांना लावली थोरल्या वहिनींनी. थोरल्या भावाचे लग्न झाले तेव्हा काका नऊ वर्षांचे होते आणि त्यांच्या वहीत उत्तरे असत, पण ती कुठून आली याचा पत्ता नसे. नव्या वहिनींनी घरात आल्याच्या चौथ्या दिवशी ती वही पाहिली, हातातली फुटपट्टी टेबलावर आपटली आणि विचारले, "इथून इथे उडी मारलीस. मध्ये काय होतं? विहीर?" तेव्हापासून दीर रोज संध्याकाळी वहिनींसमोर बसू लागला. त्या त्याला पायऱ्या उतरायला लावत आणि तो तळाशी पोचला, हुश्श करून पेन्सिल खाली ठेवू लागला, की म्हणत, "पडताळा कर." हे दोन शब्द काकांनी आपल्या आईच्या हाकेपेक्षा जास्त वेळा ऐकले असावेत.

वहिनी पुढे दोन गल्ल्या पलीकडच्या शाळेत लागल्या आणि एकतीस वर्षे सहावीला गणित शिकवत राहिल्या. गावात त्यांना बाई म्हणत. गावात बाया पुष्कळ होत्या, पण नुसते "बाई आल्या" म्हटले की चहाच्या दुकानात बसलेली मोठमोठी माणसे पाय खाली घेऊन सरळ बसत. त्यांच्या पर्समध्ये लाल पेन असे आणि ते फक्त शाळेत चालवायचे असते अशी त्यांची समजूत नव्हती. एकदा एका घरून लग्नाची पत्रिका आली, ती त्यांनी तीन चुका दुरुस्त करून, वर "१० पैकी ७" लिहून परत पाठवली. लग्न व्यवस्थित झाले. पत्रिका नव्याने छापली गेली.

असा हा सगळा संसार सुरळीत चालला असता, पण पुस्तकाला एकोणीस वर्षे झाली आणि मालकांनी ते कॉम्प्युटरवर नव्याने जुळवायला घेतले. जुन्या पुस्तकातली उत्तरे तशीच उचलायची, असे त्यांचे म्हणणे. काकांना ते पटले नाही. त्यांनी सहाशे चाळीस गणिते पहिल्यापासून, मागचे पान न बघता, पुन्हा सोडवायला घेतली. छापखान्यातल्या लोकांनी नंतर नंतर त्यांच्या टेबलाजवळून जाणे बंद केले.

सोमवारी दुपारी ते पान एकशे चौदावर पोचले. गणित सातवे. आठ मजूर एक भिंत पंधरा दिवसांत बांधतात, तर तीच भिंत सहा मजूर किती दिवसांत बांधतील? काकांनी मथळे घातले. आठ मजुरांना पंधरा दिवस, तर एकट्या मजुराला आठपट, म्हणजे पंधरा गुणिले आठ, एकशे वीस दिवस. एकट्याला एकशे वीस, तर सहा जणांना त्याचा सहावा भाग. एकशे वीस भागिले सहा, वीस. उत्तर वीस दिवस. काकांनी मागचे पान उघडले. तिथे छापले होते: १८ दिवस.

काकांनी चष्मा पुसला. पुन्हा पाहिले. अठराच होते.

पुस्तक चुकले असेल हे त्यांच्या डोक्यात आधी आलेच नाही. आपल्याला काहीतरी झाले असावे असे वाटून ते अर्धी रजा टाकून घरी आले. घरी त्यांनी टेबलावर आठ कप मांडले, त्यातले दोन बाजूला ठेवले, आणि उरलेल्या सहांकडे भिंत बांधणाऱ्या माणसांकडे बघावे तसे बघत बसले. मग कपाटाच्या खणातून एकोणीस वर्षांपूर्वीची वही काढली. त्यात त्यांच्याच अक्षरात वीस होते. पडताळाही होता. मग प्रुफाचे जुने बाड काढले. प्रुफावर अठरा होते आणि त्याच्यापुढे बरोबरची खूण होती. खूणही त्यांचीच. ती त्यांनी का केली, ही त्यांच्या आयुष्यातली एकमेव पायरी, जी त्यांना कितीही शोधून सापडली नाही.

"कप का काढलेत सगळे?" काकूंनी आत येऊन विचारले. "कोणी येणार आहे का?"

"आठ मजूर पंधरा दिवसांत भिंत बांधतात. सहा मजूर किती दिवसांत बांधतील?"

"अठरा," काकू म्हणाल्या आणि कप उचलू लागल्या.

काकांनी त्यांचा हात धरला. असा हात त्यांनी बऱ्याच वर्षांत धरला नव्हता, त्यामुळे काकू जरा बावरल्या. "अठरा कसे?"

"अहो, वीस येतात. मग त्यातून गप्पांचे दोन वजा करायचे."

"कसल्या गप्पा?"

"मजुरांच्या. आठाचे सहा झाले, म्हणजे गप्पा मारायला दोन माणसं कमी झाली. दर माणसामागे गप्पांचा एक दिवस वाचतो. दोन माणसं, दोन दिवस. विसातून दोन गेले, अठरा. गप्पांची वजाबाकी म्हणतात त्याला. वहिनींची रीत आहे. आपल्या मुलीच्या वहीत होती की."

"मग त्याच्या पुढच्या गणितात बारा मजूर आहेत, त्यांच्या गप्पा?"

"ते कामसू. वहिनी वर्गात तसं स्पष्ट सांगतात. गप्पा मारणारे फक्त हेच आठ जण."

काका खुर्चीत बसले. "हे मला कसं माहीत नाही?"

"तुम्हाला गणित कोण दाखवतंय? दाखवलं की तुम्ही समजावून सांगता."

चौकशी केल्यावर काकांना कळले की ही रीत येत नाही असा गावात त्यांच्याशिवाय फारसा कोणी नाही. एकोणीस वर्षे सहावीत बसलेली सगळी मुले ती शिकून गेली होती. त्यांच्यातलाच एक आता मुकादम झाला होता. माणसे कमी पडली की तो बेधडक गप्पांचे दिवस वजा करून काम संपण्याची तारीख सांगे, आणि काम त्याच दिवशी संपे, असे लोक शपथेवर सांगत. ही गोष्ट काकांना फार लागली. चूक नुसती चूक असती तर गोष्ट वेगळी. ती कामाला लागली होती.

मंगळवारी त्यांनी मालकांना सांगितले.

"एकोणीस वर्षांत एक तरी तक्रार आली?" मालकांनी विचारले.

"नाही."

"वीस छापलं तर येतील. अठराच राहू द्या. लोकांना सवय झालीये."

"पण ते चूक आहे."

"असेल. बाई अठरा शिकवतात. तुम्ही बाईंना जाऊन सांगा त्यांचं चुकलं म्हणून, त्यांनी मान्य केलं तर वीस छापतो. लागलं तर मोठ्या टाइपात छापतो."

मालक हे हसत हसत म्हणाले, कारण असे काही होणार नाही याची त्यांना खात्री होती. ते स्वतः बाईंच्या हाताखालून गेले होते.

पण काकांच्या दृष्टीने प्रकरण छपाईच्या पलीकडे गेले होते. वहिनी त्याच शुक्रवारी निवृत्त होणार होत्या. शुक्रवारी दुसऱ्या तासाला त्यांचा शेवटचा पाठ होता, हेडमास्तर आणि इतर शिक्षक मागच्या बाकावर बसून तो ऐकणार होते, आणि पाठासाठी त्यांनी गणित निवडले होते ते पान एकशे चौदावरचे सातवे. ज्या बाईने काकांना पायरी शिकवली, ती बाई काकांच्या एका खुणेपायी एकोणीस वर्षे नसलेली पायरी शिकवत आली होती, आणि शेवटचा दिवसही तिच्यावरच घालवणार होती. सांगितले तर त्यांची एकतीस वर्षे शेवटच्या आठवड्यात कडू होणार. न सांगितले तर नवे पुस्तक आज ना उद्या कोणीतरी तपासेल, आणि बाई चुकीचे शिकवत होत्या असे त्यांच्या पश्चात म्हणेल. काकांनी या गणिताला पाच मथळे घालून पाहिले. "रीत" या मथळ्याखाली त्यांना काही लिहिता आले नाही.

मंगळवारी संध्याकाळी ते वहिनींकडे गेले. थोरले भाऊ खिडकीत बसून शब्दकोडे सोडवत होते. वहिनी वह्या तपासत होत्या.

"वहिनी," काका म्हणाले, "समजा, एका माणसाच्या हातून एक चूक झाली."

"कोणाच्या?"

"समजा, क्ष."

"क्ष सहावीला नाहीत. माणूस सांग."

"एक... ओळखीचा."

"काय चूक केली?"

"त्याने काहीतरी बरोबर आहे म्हणून सांगितलं, ते बरोबर नव्हतं. आणि त्यामुळे दुसरं एक माणूस, जे फार चांगलं आहे, ते..."

"किती माणसं आहेत या गणितात?" वहिनींनी वही बाजूला ठेवली. "दिलेले काय आहे ते आधी सांग. निम्मं पोटात ठेवतोस आणि मला सोडवायला सांगतोस."

काकांनी त्यांच्याकडे पाहिले. मग ते म्हणाले, "तुमचा नळ गळतोय का?"

"नाही."

"बरं," असे म्हणून काका उठले आणि तरीही मोरीत जाऊन नळ घट्ट करून आले. तो त्या दिवसापासून गळू लागला.

बुधवारी त्यांनी पत्र लिहायला घेतले. प्रत्येक गोष्ट क्रमाने यायला हवी म्हणून ते छापखान्यातल्या पहिल्या दिवसापासून सुरू झाले, आणि गुरुवारी दुपारपर्यंत अकरा पाने झाली. त्या चुकीविषयीचे वाक्य अकराव्या पानाच्या तळाशी होते. काकूंनी पत्र वाचायला घेतले.

"अहो, तिसऱ्या पानावर अजून तुमची सायकल पंक्चर आहे."

"तिथून पुढे ओळीने येतं सगळं."

"वहिनी दुसऱ्या पानावर तीन गुण कापून पत्र परत पाठवतील. उद्या सकाळी जा आणि तोंडाने सांगा. तीन शब्दांचं काम आहे."

"कोणते तीन?"

"माझी चूक झाली."

काकांनी ते शब्द मोजले. खरोखर तीनच होते.

शुक्रवारी सकाळी ते पाठाच्या आधी वहिनींना गाठायला निघाले, पण निघण्यापूर्वी वाटेत बोलायची वाक्ये मनात लावून घेता घेता त्यांना उशीर झाला. ते शाळेत पोचले तेव्हा दुसऱ्या तासाची घंटा होऊन गेली होती. वर्गात छत्तीस मुले हाताची घडी घालून बसली होती. मागच्या बाकावर हेडमास्तर आणि तीन शिक्षक गुडघे हनुवटीशी घेऊन बसले होते, कारण तो बाक अकरा वर्षांच्या माणसांच्या मापाचा होता. फळ्यावर आठ मजूर लिहून झाले होते. काका दारात उभे राहिले.

"आत ये," वहिनी म्हणाल्या. मग वर्गाकडे वळून, "हे कोण माहीत आहे? पुस्तकाच्या मागची उत्तरं यांनी काढलेली आहेत. सगळी."

वर्गातून "आँ" असा आवाज उमटला. मागची उत्तरे कोणी माणूस काढतो याची मुलांना कल्पना नव्हती. ती पुस्तकाबरोबरच येतात असे त्यांना वाटे.

"वहिनी, मला तुमच्याशी जरा बाहेर..."

"इथे मी बाई आहे. आणि तास चालू आहे." वहिनींनी खडू पुढे केला. "आलाच आहेस तर सोडव. सहावं गणित झालंय. सातवं."

काकांनी खडू घेतला. चाळीस जोड्या डोळे आणि एक लाल पेन त्यांच्या पाठीवर होते. त्यांनी मथळे घातले. पहिली पायरी लिहिली, आठ मजुरांना पंधरा दिवस. दुसरी लिहिली, एका मजुराला एकशे वीस दिवस. तिसरी लिहिली, सहा मजुरांना एकशे वीस भागिले सहा, बरोबर वीस. मग ते थांबले.

वर्ग वाट बघू लागला.

"गप्पा राहिल्या," पहिल्या बाकावरची एक दोन वेण्यांची मुलगी हळूच म्हणाली.

"काका, गप्पा!" मागून दुसरा आवाज आला.

"गप्पा वजा करा ना!" आता सगळाच वर्ग मदतीला धावला. "दोन! दोन दिवस! सोप्पंय!"

"गप्पा नाहीत," काका म्हणाले.

दोन वेण्यांची मुलगी उभी राहिली. "मग अठरा कसे येणार?"

"येणार नाहीत."

"पण मागे छापलंय."

"ते चुकून छापलंय."

"कोणाच्या चुकून?"

काकांनी एकदा खडूकडे पाहिले, एकदा वहिनींकडे. मधल्या वेळेत त्यांनी सकाळी मनात लावलेली सगळी वाक्ये एकामागून एक निघून गेली.

"माझी चूक झाली," ते म्हणाले.

मागच्या बाकावर हेडमास्तरांनी पाय ताणायचा प्रयत्न केला, तो बाकात अडकला. कोणी हसले नाही. वहिनी खुर्चीतून हलल्या नाहीत.

"पडताळा कर," त्या म्हणाल्या.

काका फळ्याकडे वळले. भिंत पुरी व्हायला एका माणसाचे किती दिवस लागतात? आठ गुणिले पंधरा, एकशे वीस. सहा जणांनी वीस दिवस काम केले तर सहा गुणिले वीस, एकशे वीस. जुळले. सहा जणांनी अठराच दिवस केले तर सहा गुणिले अठरा, एकशे आठ. बारा कमी. एकशे विसातले बारा म्हणजे दहावा भाग.

"म्हणजे," काका फळ्याकडे बघतच म्हणाले, "एकोणीस वर्षं या वर्गातली भिंत दहावा भाग अपुरी राहिलीये. वरचा थर नाहीच."

"बरोबर," वहिनी म्हणाल्या.

"तुम्हाला... बरोबर?"

"पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे मला. काय वाटलं तुला? मी आठ पंधरे एकशे वीस चुकेन?" वहिनींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पुस्तक नवं आलं तेव्हा याच फळ्यावर सोडवलं मी. वीस आले. मुलांनी मागचं पान उघडलं. अठरा. मुलं म्हणाली, बाई, तुमचं चुकलं. आता एक तर मी चुकले होते, नाहीतर पुस्तक. पुस्तक म्हणजे तू. तुझी नोकरी तीन महिन्यांची, कच्ची. त्या वर्गात तुझ्या मालकाचा पुतण्या बसला होता. मी काय सांगू, घरच्या पोराचं चुकलं?"

"मग गप्पा?"

"तोंडातून निघून गेल्या. त्या दिवशी शाळेच्या कुंपणाचं काम चाललं होतं, खिडकीतून समोर मजूर बसलेले दिसत होते. बोलत."

"पण मला तरी सांगायचंत, वहिनी!"

"मी वाट बघत होते." वहिनींचा आवाज पहिल्यांदा चढला. "लहानपणी शंभरदा सांगितलं, पडताळा कर, पडताळा कर. म्हटलं पुढच्या वर्षी करेल. पुढच्या वर्षी अठराच. म्हटलं त्याच्या पुढच्या वर्षी करेल. एकोणीस वर्षं मी दर जूनला पुस्तक आलं की आधी मागचं पान उघडते! आज शेवटचा तास म्हणून हेच गणित घेतलं. म्हटलं, आता याने नाही केलं तर मीच मोडते गप्पा आणि जाते."

काकांना बसावेसे वाटले, पण बसायला फक्त बाक होता आणि त्याची अवस्था हेडमास्तरांवरून दिसत होती. ते उभे राहिले. डोळे पुसायला त्यांनी रुमाल म्हणून जे हाती आले ते घेतले, ते फळा पुसायचे फडके होते. त्यानंतरचा सगळा वेळ त्यांचा चेहरा पांढरा होता आणि एकाही मुलाने ते सांगितले नाही, यावरून वर्गाला प्रसंगाचे गांभीर्य कळले होते असे म्हणता येईल.

"सगळ्यांनी मागचं पान काढा," वहिनी म्हणाल्या. "अठरा खोडा. वीस लिहा. खोडताना रेघ एकच, सरळ."

छत्तीस पेनांचा आवाज झाला. पुस्तकाची पहिली दुरुस्त आवृत्ती अशी छत्तीस प्रतींची निघाली, आणि मालकांनी ती न पाहताच संध्याकाळी वीस छापायला संमती दिली, कारण हेडमास्तरांनी त्यांना सगळे सांगितले होते आणि त्यात पुतण्याचाही उल्लेख होता.

पण तास अजून संपला नव्हता. दोन वेण्यांची मुलगी पुन्हा उभी राहिली.

"बाई, मग आधी ज्यांनी वीस लिहिलं असेल, त्यांचे गुण?"

"कोणी लिहिलंच नाही," वहिनी म्हणाल्या. मग थांबल्या. "एकीने लिहिलं होतं. वार्षिक परीक्षेत. चौथ्या वर्षी की पाचव्या."

"तिला किती दिलेत?"

वहिनींनी चष्मा परत लावला. "पाचपैकी शून्य," त्या म्हणाल्या, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी घंटा होण्याआधी वर्ग सोडला.

ती मुलगी आता बाजाराच्या मागच्या रस्त्यावर शिवणकाम करी. दुकान अरुंद होते. एका बाजूला मशीन, दुसऱ्या बाजूला आरसा, मध्ये एक गिऱ्हाईक हात पसरून उभे, आणि तिच्या तोंडात टाचण्या. बाई आणि त्यांच्यामागे काका दारात दिसताच तिने टाचण्या काढल्या आणि गिऱ्हाइकाचा पसरलेला हात आपणच खाली केला.

वहिनींनी उभ्या उभ्या सगळे सांगितले. एकही पायरी न गाळता सांगितले, त्यामुळे जरा वेळ लागला. गिऱ्हाईकही ऐकत होते. "म्हणजे अख्ख्या शाळेत एकटी तू बरोबर होतीस," वहिनी शेवटी म्हणाल्या. "मी तुला शून्य दिलं. एवढी रीत मी सगळ्यांना घोकून घेतली, आणि तू एकटी तिच्यापुढे वाकली नाहीस."

शिवणवाली विचारात पडली. "मी वीस लिहिलं होतं?"

"मला लख्ख आठवतंय."

"मग, बाई, गप्पा वजा करायच्या राहिल्या असतील." ती ओशाळून म्हणाली. "मला ती पायरी लक्षातच राहायची नाही. हातावर लिहून नेली होती, पण घामाने पुसली."

वहिनींच्या हातात लाल पेन उघडे होते. त्यांनी काकांकडे पाहिले. काकांनी बराच वेळ विचार केला. चेहऱ्यावर खडू असल्यामुळे तो विचार फार खोल वाटत होता.

"दिलेले बरोबर," ते म्हणाले. "रीत बरोबर. उत्तर बरोबर. जी पायरी नव्हतीच, ती विसरल्याबद्दल गुण कापायचा नियम नाही."

"नाही," वहिनी म्हणाल्या. त्यांनी मापे लिहायच्या कागदाचा तुकडा ओढला, त्याच्यावर ठळक "५ पैकी ५" लिहिले आणि खाली सही केली.

शिवणवालीने तो कागद दोन्ही हातांनी धरला. मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हिशेब सुरू झालेला दिसला.

"बाई, त्या वर्षी माझा पहिला नंबर दोन गुणांनी गेला होता. शेजारच्या गल्लीतली आली होती पहिली."

वहिनी हळूच स्टुलावर बसल्या.

"ती आता कुठे असते?" काकांनी विचारले.

"त्याच गल्लीत. बक्षीस मिळालेला कंपास अजून दाखवते येणाऱ्याजाणाऱ्याला." शिवणवालीने मशीनवर आच्छादन घातले, टाचण्या डबीत ओतल्या आणि गिऱ्हाइकाला उद्या यायला सांगितले.

"उद्या कशाला? मीही येते की," गिऱ्हाईक म्हणाले, आणि तिच्या एका बाहीला लावलेल्या टाचण्यांसकट चौघांची वरात त्या गल्लीकडे निघाली.